पिठावर बंदी नाही, भाकरीवर आहे: अमेरिकेतला हेम्प-गांजाचा कायदा आणि त्यातला घोळ

गेल्या उन्हाळ्यात माझी आत्या साताऱ्याहून आमच्याकडे डॅलसला आली होती, वय ७१, गुडघ्यांनी हैराण. ओळखीतल्या एका काकूंनी तिला एक बाटली दिली, आत जेलीच्या गोळ्या असतात तशा साखर लावलेल्या गमीज, लेबलवर हिरवं पान आणि मोठ्या अक्षरात हेम्प लिहिलेलं. पेट्रोल पंपावरच्या दुकानात मिळतात, नॅचरल आहेत, दुखणं कमी होतं असं त्यांनी सांगितलं. आत्याने एक खाल्ली, पाऊण तास काहीच वाटलं नाही म्हणून अजून एक खाल्ली, आणि रात्री साडेनऊला तिचे हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, भिंत जवळ येतेय असं म्हणायला लागली. मी पॉयझन कंट्रोलला म्हणजे विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं पाणी दिलं, नाडी बघत राहिले, पहाटे तीनला ती शांत झोपली. त्या सहा तासांत मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात फार कमी वेळा वाटलीये.

सकाळी तिने चहा घेताना विचारलं, अगं हेम्प म्हणजे अंबाडी ना, फोनवर तर तसंच दिसलं? मी म्हटलं आत्या, त्यात गांजातला पदार्थ होता. ती म्हणाली, पंपावर उघड विकतात, बिल देतात, आणि तू म्हणतेस गांजा, मग इथला कायदा काय झोपलाय का?

कायदा झोपलेला नव्हता, पण त्याला एवढं मोठं भोक होतं की त्यातून अख्खा धंदा उभा राहिला, आणि ते बुजवणारा नवा कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये पास झालाय. तो लागू व्हायची तारीख १२ नोव्हेंबर २०२६. त्याच्याच जोडीला गांजा कुठल्या यादीत ठेवायचा यावर वेगळी गडबड चालू आहे. आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर या दोन गोष्टींची खिचडी होते आणि कुणीतरी "अमेरिकेत गांजा लीगल झाला" असं टाकून मोकळं होतं. म्हणून आत्याला सांगितलं तसंच इथे लिहिते, मुळापासून.

झाड एकच आहे

आधी अंबाडीचं. अंबाडीला इंग्रजीत डेक्कन हेम्प म्हणतात आणि तागाला सन हेम्प, दोन्हींतून दोरखंडाचा वाख निघतो म्हणून ते नाव चिकटलं, बाकी गांजाशी दोन्हींचं काही नातं नाही. खरं हेम्प म्हणजे कॅनाबिसचं झाड, आपलं भांगेचं झाड. हेम्प आणि गांजा ही दोन झाडं नाहीत, एकाच झाडाची दोन कायदेशीर नावं आहेत.

आपण हे झाड भागांवरून ओळखतो. पानं ती भांग, मादी झाडाचे फुलोरे तो गांजा, राळ ती चरस. भारताचा १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा पण असाच विचार करतो, चरस आणि गांजा त्यात येतात, नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेचं सरकारी दुकान दिसतं. अमेरिकेने हा रस्ता घेतला नाही. इथे सगळं एका रसायनाच्या टक्क्यावर ठरतं. त्याचं नाव टीएचसी, नशा आणणारा मुख्य पदार्थ हाच. झाडात दुसरा एक असतो सीबीडी, त्याने नशा येत नाही, मुलांच्या काही दुर्मिळ आणि अवघड फिट्सवर त्याचं औषध २०१८ मध्ये इथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मंजूर केलंय. हे दोन शब्द लक्षात ठेवले की पुढचं सगळं कळतं.

०.३ हा आकडा आला कुठून

१९७० च्या अमली पदार्थांच्या कायद्यात अख्खं झाडच बंदीत गेलं होतं, देठाचा धागा आणि न उगवणाऱ्या बिया सोडून. शेतकरी म्हणायचे की आम्हाला वाखासाठी, तेलासाठी पीक घेऊ द्या, ज्याने नशा येत नाही ते झाड का अडवताय. केंटकी हे जुनं हेम्प पिकवणारं राज्य, तिथले सिनेटर मिच मॅकॉनेल यांनी हा विषय लावून धरला आणि २० डिसेंबर २०१८ ला जो फार्म बिल नावाचा शेतीचा मोठा कायदा झाला त्यात हेम्पला मोकळं केलं गेलं. व्याख्या अशी, की ज्या कॅनाबिसमध्ये वाळलेल्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त डेल्टा-९ टीएचसी (टीएचसीचं मुख्य रूप) नाही ते हेम्प, आणि त्यापासून काढलेले अर्क, त्यातले बाकीचे पदार्थ, सगळं हेम्प. याच्या वर गेलं की गांजा.

हा ०.३ आकडा काही नशेचा अभ्यास करून काढलेला नाही हे मला वाचताना खरंच धक्कादायक वाटलं. १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या वनस्पतीशास्त्रज्ञांनी झाडाचं वर्गीकरण करताना कुठेतरी रेघ मारायची म्हणून कोवळ्या पानांसाठी तो वापरला, आणि रेघ आपल्या मर्जीने मारलीये असं त्यांनी स्वतःच नोंदवलंय. ते झाडं ओळखण्याबद्दल बोलत होते. गमीज, कोल्ड्रिंक, चॉकलेट यांचा विचारही त्यात नव्हता आणि असायचं कारणही नव्हतं. चाळीस वर्षांनी तोच आकडा खाण्याच्या वस्तूंना लागला आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

टक्के झाडाला ठीक, खाण्याला नाही

आमटीचं उदाहरण घ्या. कुणी नियम केला की आमटीत वजनाच्या ०.३ टक्के मीठ चालेल, तर अर्धा किलो आमटीत दीड ग्रॅम मीठ आलं. आता कुणी पातेलंच मोठं केलं, पाच किलोचं, तर १५ ग्रॅम मीठ कायदेशीर. टक्का तोच राहतो, मीठ वाढत जातं.

गमीचं तसंच. चार ग्रॅमची एक गमी घ्या, ०.३ टक्के म्हणजे १२ मिलिग्रॅम टीएचसी. ज्या राज्यांत गांजा लायसन्सच्या दुकानात विकतात तिथे एका वेळचा डोस साधारण ५ किंवा १० मिलिग्रॅम धरतात. म्हणजे हेम्पची एक कायदेशीर गमी ही पूर्ण नशेची गमी झाली, फक्त जरा जाड केली की काम झालं. शीतपेयाच्या ३५५ मिलीच्या कॅनमध्ये तर याच हिशोबाने एक ग्रॅमच्या वर टीएचसी बसतो, तेवढा कुणी घालत नाही पण कायद्याला हरकत नव्हती. आत्याने दोन गमीज खाल्ल्या होत्या, सवय शून्य, वय ७१. खाल्लेला टीएचसी चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, म्हणून लोक काही होत नाहीये असं समजून दुसरी घेतात आणि मग दोन्ही एकदम चढतात. हे लेबलवर बारीक अक्षरात होतं, आत्याचा चष्मा तेव्हा वरच्या खोलीत होता.

दुसरं भोक याहून मोठं. कायद्याने फक्त डेल्टा-९ टीएचसीचं नाव घेतलं होतं. पण जिवंत झाडाच्या फुलात टीएचसी फार कमी असतो, तिथे असतो टीएचसीए, त्याचं कच्चं रूप. कच्चं आहे तोवर नशा नाही, उष्णता लागली की त्यातला एक तुकडा गळून पडतो आणि त्याचा टीएचसी होतो, सिगरेटसारखं पेटवलं की क्षणात. म्हणजे कायदा भाकरीवर बंदी घालत होता, पिठावर नाही, आणि तवा तर प्रत्येकाच्या घरी आहे. शेतातल्या उभ्या पिकाची तपासणी करताना शेतीखातं कच्चं-पक्कं दोन्ही मिळून मोजायचं, पण ती तपासणी कापणीच्या आधी ३० दिवसांत, नंतर दुकानात पाकिटावर जो आकडा यायचा तो नुसता डेल्टा-९ चा. त्यामुळे हुबेहूब गांजाची फुलं हेम्प म्हणून पोस्टाने घरपोच यायला लागली.

तिसरं भोक लॅबमधलं. २०१८ नंतर शेतकऱ्यांनी सीबीडीसाठी इतकं पीक घेतलं की भाव कोसळले, गोदामं भरली. मग केमिस्ट लोकांनी सीबीडीला ॲसिडमध्ये घालून त्याचा डेल्टा-८ टीएचसी बनवायला सुरुवात केली. रांगोळीचे ठिपके तेच ठेवून एक रेघ शेजारच्या ठिपक्यापासून काढली तर आकृती जवळपास तशीच दिसते ना, डेल्टा-८ आणि डेल्टा-९ मध्ये एवढाच फरक आहे, एक बंध आठव्या कार्बनवर की नवव्या. नशा जरा सौम्य पण नशाच. कायद्यात नाव डेल्टा-९ चं, मग डेल्टा-८ मोकळा. २०२२ मध्ये नवव्या सर्किट नावाच्या फेडरल म्हणजे केंद्राच्या अपील कोर्टाने एका ट्रेडमार्कच्या भांडणात साफ सांगितलं की कायद्याचे शब्द असे आहेत, संसदेला हे नको असेल तर संसदेने बदलावं. मला तो निकाल पटतो, कोर्टाने शब्द वाचायचे असतात, पण त्याचा परिणाम असा झाला की रसायनातली उरलेली घाण कुणी तपासतंय का हे न बघता माल बाजारात आला.

आणि आमच्या टेक्सासची गोष्ट तर समजायलाच अवघड. इथे गांजा कायदेशीर नाही, मेडिकलसाठी एक छोटीशी योजना आहे तेवढीच. गांजापासून काढलेल्या टीएचसीची गमी खिशात सापडली तर एक ग्रॅमच्या आतसुद्धा तो फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा, १८० दिवसांपासून दोन वर्षांपर्यंत कैद. तोच रेणू हेम्पमधून आला असेल तर पंपावर चिप्सच्या शेजारी. २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने यावर बंदीचं बिल पास केलं, गव्हर्नर ॲबट यांनी २२ जूनला ते व्हेटो केलं, म्हणाले नियम करा, बंदी नको. सप्टेंबरमध्ये त्यांनी आदेश काढून २१ वर्षांची अट घातली. म्हणजे तोपर्यंत राज्याच्या कायद्यात वयाची अटसुद्धा धड नव्हती, हे वाचून आई म्हणून माझ्या पोटात गोळा आला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमकं काय बदललं

आठवत असेल, ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकन सरकार ४३ दिवस ठप्प होतं, पगार बंद, विमानतळांवर गोंधळ. ते उघडायला १२ नोव्हेंबरला जो खर्चाचा कायदा सही झाला त्यात शेतीखात्याच्या भागात हेम्पची नवी व्याख्या घातलेली होती. ती घालण्यात पुढाकार कुणाचा, तर त्याच मॅकॉनेल यांचा. २०१८ मध्ये आपण शेतकऱ्यांसाठी दार उघडलं, त्यातून नशेचा बाजार आत आला, आता निवृत्त व्हायच्या आधी ते दार लावायचं असा त्यांचा रोख होता. त्यांच्याच राज्याचे दुसरे सिनेटर रँड पॉल यांनी ते कलम काढायचा प्रयत्न केला, तो ७६ विरुद्ध २४ मतांनी फेटाळला गेला.

नव्या व्याख्येत तिन्ही भोकं बुजवलीयेत. आता नुसता डेल्टा-९ नाही, कच्चा टीएचसीए धरून एकूण टीएचसी मोजायचा, म्हणजे पीठ आणि भाकरी एकाच तराजूत. जे पदार्थ झाड स्वतः बनवत नाही किंवा जे लॅबमध्ये बनवलेत ते हेम्प नाहीत, म्हणजे बाजारात मिळतो तो डेल्टा-८ गेला. आणि खाण्यापिण्याच्या, लावायच्या तयार मालात एका डब्यात जास्तीत जास्त ०.४ मिलिग्रॅम टीएचसी.

या शेवटच्या आकड्यावर जरा थांबा. ०.४ मिलिग्रॅम एका गमीत नाही, अख्ख्या डब्यात. ५ मिलिग्रॅमच्या एका गमीचे बारा तुकडे केले तर त्यातला एक तुकडा एवढाच. टक्क्यांकडून मिलिग्रॅमकडे गेले हे अगदी बरोबर केलं, पण आकडा इतका खाली ठेवलाय की ज्यात नशा नाही अशी सीबीडीची तेलंसुद्धा अडकतात. झाडाचा पूर्ण अर्क घेतला की त्यात थोडा टीएचसी येतोच, ३० मिलीच्या बाटलीत जुन्या ०.३ च्या नियमाने ८०-९० मिलिग्रॅमपर्यंत चालत होता, आता ०.४. मला हे चुकलंय असं वाटतं. आत्याच्या गमीज आणि सीबीडीचं तेल एकाच चाळणीतून गाळायला नको होतं. आणि २०२२ पासून मिनेसोटाने एका वेळचे ५ मिलिग्रॅम, पाकिटात ५० मिलिग्रॅम, वय २१ असा नियम करून हा धंदा उघड्यावर आणला होता, तिथल्या छोट्या ब्रुअरीज म्हणजे बिअर बनवणारे कारखाने टीएचसीच्या पेयांवर तगले होते, त्यांचं काय यावर कायद्यात एक ओळ नाही.

वाख, बिया, बियांचं तेल, शेतीतलं हेम्प मात्र राहतंय, त्याला धक्का नाही.

अरे पण निम्म्या राज्यांत गांजा कायदेशीर आहे ना?

आहे, आणि नाहीपण. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने मेडिकलसाठी, २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनने सगळ्या प्रौढांसाठी परवानगी दिली, आता २४ राज्यांत प्रौढांना मिळतो, न्यू जर्सीत २०२२ च्या एप्रिलपासून दुकानं चालू आहेत. पण केंद्राच्या म्हणजे फेडरल कायद्यात तो गुन्हाच राहिला.

हे कसं चालतं ते आपल्या सोसायटीवरून समजा. सोसायटीने ठराव केला की गॅलरी बंद करून खोली करायला आमची हरकत नाही. महापालिकेच्या नियमात ते अनधिकृत. महापालिका दहा वर्षं कुणाला नोटीस देत नाही, सगळा मजला गॅलऱ्या बंद करून बसतो, आणि सगळ्यांना वाटायला लागतं की हे कायदेशीरच आहे. पण फ्लॅट विकायला निघालात, बँकेचा माणूस नकाशा घेऊन आला, की तिथे सोसायटीचा ठराव चालत नाही. राज्याची परवानगी म्हणजे हा ठराव. केंद्र राज्याच्या पोलिसांना आमचा कायदा तुम्ही राबवा असं सांगू शकत नाही, पण स्वतःचा कायदा मागेही घेत नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियातल्या दोन आजारी बायकांच्या केसमध्ये हेच सांगितलं, स्वतःच्या औषधापुरता घरी लावलेला गांजासुद्धा केंद्राच्या कायद्यातून सुटत नाही.

मग ट्रंपने काहीतरी सही केली ते काय होतं?

ती यादीची गोष्ट, हेम्पपेक्षा वेगळी. १९७० च्या कायद्यात अमली पदार्थांच्या पाच याद्या आहेत. यादी एक म्हणजे औषधी उपयोग मान्य नाही आणि व्यसनाचा धोका मोठा, गांजा तिथे घातला हेरॉईनच्या शेजारी. कोकेन आणि फेंटानिल यादी दोनमध्ये, कारण त्यांचा हॉस्पिटलात उपयोग आहे. यादी तीनमध्ये केटामाइन, काही स्टेरॉइड्स. १९७२ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांनीच नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की थोडा गांजा जवळ ठेवणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका, त्यांनी ते ऐकलं नाही.

बायडेन यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये फेरविचार सुरू केला, आरोग्य खात्याने ऑगस्ट २०२३ मध्ये यादी तीनची शिफारस केली, कारण ३० हजारांवर डॉक्टर आणि वैद्यकीय लोक राज्यांच्या परवानगीने तो सुचवत होते आणि वेदना, केमोथेरपीतली मळमळ, भूक न लागणं यावर काही पुरावा होता. मे २०२४ मध्ये नियमाचा मसुदा आला, जानेवारी २०२५ मध्ये सुनावणी अडकली. मग १८ डिसेंबर २०२५ ला ट्रंप यांनी आदेश काढला की हे काम लवकर पूर्ण करा. अध्यक्षांनी सही केली म्हणजे त्या दिवशी यादी बदलली असं होत नाही, नियम करायची पूर्ण प्रक्रिया लागते. त्याच आदेशात त्यांनी हेही म्हटलं की पूर्ण अर्काचं सीबीडी लोकांना मिळत राहावं म्हणून संसदेबरोबर हेम्पची व्याख्या पुन्हा बघा. म्हणजे पाच आठवड्यांपूर्वी सही केलेल्या कलमाची त्यांनाही काळजी वाटली असणार.

आणि यादी तीन म्हणजे लीगल नाही. यादी तीनचं औषध एफडीएने मंजूर केलेलं हवं, डॉक्टरांची चिठ्ठी हवी, फार्मसीतून घ्यायचं. कोपऱ्यावरचं गांजाचं दुकान यात बसत नाही.

मग दुकानदारांना एवढा आनंद कशाचा? टॅक्सचा. १९८१ मध्ये मिनियापोलिसच्या एका ड्रग विकणाऱ्याने टॅक्स कोर्टात आपला धंद्याचा खर्च वजा करून घेतला, ते बघून संसदेने १९८२ मध्ये कलम २८०ई घातलं: यादी एक आणि दोनचा माल विकणाऱ्याला भाडं, पगार, जाहिरात काहीच खर्च धरता येणार नाही, फक्त मालाची किंमत. समजा दुकानाची विक्री दहा लाख डॉलर, माल पाच लाखाचा, भाडं-पगार चार लाख. खरा नफा एक लाख, साध्या दुकानाला २१ टक्क्यांनी २१ हजार टॅक्स. गांजाच्या दुकानाला टॅक्स पाच लाखांवर, म्हणजे एक लाख पाच हजार. नफ्यापेक्षा टॅक्स जास्त. यादी तीनमध्ये गेलं की हे कलम सुटतं. म्हणून ते खूश.

"दारू चालते मग हे का नाही?"

हा प्रश्न मला दर पार्टीत येतो. दारूने जास्त नुकसान होतं हे मला मान्य आहे. पण दारूच्या बाटलीवर किती टक्के अल्कोहोल ते लिहिलेलं असतं, दुकानाला लायसन्स असतं, विकणारा वय बघतो, आणि ती मुलांच्या जेली-चॉकलेटसारखी दिसत नाही. हेम्पच्या गमीजना यातलं काहीच देशभर सक्तीचं नव्हतं. माझं म्हणणं असं की दारूसारखे नियम करा. संसदेने मात्र दारूसारखे नियम करायच्या ऐवजी जवळपास बंदी केली आणि मध्ये एक वर्ष दिलं.

बंदीने काळाबाजार वाढेल असं उद्योगवाले म्हणतात, आणि तारीख पुढे ढकला म्हणून मागणी करतायत. काही अंशी खरं आहे, पण आत्ताचा बाजार तरी कुठे गोरा होता, लॅबचा रिपोर्ट बनवणाराही विकणाऱ्याने पैसे दिलेला. मला दोन्ही बाजूंची भीती वाटते. ज्यांची झोप, ज्यांचं दुखणं सीबीडीवर अवलंबून आहे ते कुठे जातील याची जास्त.

आपल्यातले जे व्हिसावर आहेत त्यांनी हे नक्की वाचा

इथे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण आपली मुलं न्यू जर्सीला, कॅलिफोर्नियाला येतात, रूममेट दुकानातून कायदेशीर बिल घेऊन आणतो, आणि त्यांना वाटतं इथे चालतं. इमिग्रेशन हा पूर्ण केंद्राचा विषय आहे, तिथे राज्याचा कायदा बघतच नाहीत. सोसायटीचा ठराव घेऊन पालिकेत गेल्यासारखं होतं.

शिक्षा झालीच पाहिजे असंही नाही. विमानतळावरच्या ऑफिसरसमोर किंवा ग्रीन कार्डच्या मेडिकल तपासणीत, हो मी कोलोरॅडोत घेतला होता, कायदेशीर होता ना, असं कबूल केलं तरी प्रवेश नाकारला जाऊ शकतो, ग्रीन कार्ड अडू शकतं. ३० ग्रॅमच्या आत, एकदाच, स्वतःपुरता, अशी एक सूट देशाबाहेर काढण्याच्या कलमात आहे, पण ती अरुंद आहे, तिच्या भरवशावर राहू नका. एप्रिल २०१९ मध्ये यूएससीआयएसने, म्हणजे ग्रीन कार्ड-नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या खात्याने, लिहून ठेवलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजा घेणं किंवा गांजाच्या धंद्यात नोकरी करणं हे नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकतं. गांजाच्या दुकानांच्या चेनमध्ये सॉफ्टवेअरची, हिशोबाची नोकरी मिळत असेल तर सही करायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, मी वकील नाही, मला फक्त धोका दिसतोय.

यादी तीनने यातलं काही सुटत नाही, कारण इमिग्रेशनचा कायदा यादीचा नंबर बघत नाही, नियंत्रित पदार्थ आहे का एवढंच बघतो आणि यादी तीनसुद्धा नियंत्रितच.

आता हेम्प इथे येऊन चिकटतं. २०१८ पासून हेम्प हा नियंत्रित पदार्थ नाही, म्हणून हेम्पची गमी खाणारा फेडरल कायदा मोडत नव्हता. नवी व्याख्या लागू झाली की तीच गमी, तीच बाटली, तोच कारखाना, पण ती हेम्प राहणार नाही, आणि जे हेम्प नाही ते कायद्याच्या भाषेत मारिजुआना म्हणजे गांजा. ११ नोव्हेंबरला रात्री कपाटात असलेली वस्तू १२ तारखेला सकाळी वेगळी झालेली असेल, आणि बाटलीवर ते कुणी येऊन छापणार नाहीये. लघवीच्या ड्रग टेस्टला तर आजही हेम्प आणि गांजा यातला फरक कळत नाही, टीएचसी तो टीएचसी, त्यामुळे नोकरीच्या टेस्टमध्ये पंपावरचं बिल दाखवून उपयोग नाही.

भारतात परत जाताना बॅगेत टाकू नका, आईच्या सांधेदुखीसाठी म्हणूनसुद्धा नाही. इथे डब्यावर हेम्प लिहिलंय याला मुंबईच्या विमानतळावर काही अर्थ नाही, तिथे एनडीपीएस लागतो आणि त्यात जामीनसुद्धा अवघड असतो.

आत्याची बाटली

आत्या सप्टेंबरमध्ये परत गेली. जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या बॅगा तपासल्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, नातवाचे फोटो, आणि एका मोज्यात गुंडाळलेली ती बाटली, अजून अकरा गमीज शिल्लक. वाया कशाला घालवायच्या, तिथे कुणाला तरी गुडघ्याला उपयोग होईल, असं तिचं म्हणणं. मी तिच्यासमोर त्या वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात कालवल्या, पिशवी बांधली आणि कचऱ्यात टाकली. ज्या काकूंनी बाटली दिली होती त्यांना फोन केला, त्यांचा मुलगा एच-१बी वर आहे, ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे. त्यांच्या कपाटात अजून दोन होत्या.